न शोधता दिसणारे

गेल्या निवडणुकीच्या धामधुमीत एका रविवारी सकाळी मी चालण्याच्या एका आंतरराष्ट्रीय शर्यतीचे थेट प्रक्षेपण पाहण्यासाठी लॅपटॉप उघडून बसले होते. शर्यत सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता, इंटरनेट व्यवस्थित चालले होते, आणि तरीही पडद्यावर उमटली ती करड्या पार्श्वभूमीवरची एकच ओळ: हा व्हिडिओ आपल्या भागात उपलब्ध नाही. नेमकी त्याच वेळी खालच्या रस्त्यावर प्रचाराची गाडी येऊन थांबली. आधी भोंग्याची कर्कश शिट्टी, मग धून, मग उमेदवाराचे नाव आणि चिन्ह, पुन्हा नाव, पुन्हा चिन्ह. खिडकी लावून घेतली तरी तिची काच बारीक थरथरत राहिली. जे पाहायचे होते ते पैसे मोजण्याची तयारी असूनही मिळत नव्हते आणि जे ऐकायचे नव्हते ते फुकट, घरपोच आणि मोठ्या आवाजात मिळत होते. तेव्हा नुसती चिडचिड झाली. पुढे मात्र तो प्रसंग डोक्यातून जाईना, कारण लोकांच्या नजरेसमोर काय यावे आणि काय येऊ नये हे दोन्ही ठिकाणी कुणीतरी ठरवलेले होते आणि त्या ठरवण्यात माझा काडीचाही संबंध नव्हता.

चालण्याची शर्यत हा काही कुणी मुद्दाम शोधून पाहावा असा खेळ नव्हे. मीही तो शोधला नव्हता. दूरचित्रवाणीवर निवडीला फारसा वाव नव्हता अशा काळात, ऑलिंपिकच्या दिवसांत, धावण्याच्या कुठल्याशा अंतिम फेरीची वाट पाहत आम्ही बसलो असताना कॅमेरा अचानक रस्त्यावर गेला आणि कोपरे दुमडून, कंबर विचित्र लयीत हलवत, ओठ घट्ट मिटून चाललेल्या माणसांचा एक घोळका दिसू लागला. घरातले सगळे हसले, मीही हसले. मग समालोचकाने नियम सांगितले. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटता कामा नयेत, आणि पुढे टाकलेला पाय टाच टेकल्यापासून शरीराचा भार त्याच्यावर सरळ येईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. त्या दोन वाक्यांनी माझे हसू थांबले. आता मला पाय दिसू लागले: टाच टेकते, गुडघा ताठ राहतो, कंबर पुढे सरकते, मागच्या पायाची बोटे जमिनीला शेवटपर्यंत धरून असतात, आणि हे सारे इतक्या झपाट्याने की त्या वेगाने सामान्य माणसाला धावतासुद्धा येणार नाही. अव्वल दर्जाचे पुरुष स्पर्धक वीस किलोमीटर एक तास वीस मिनिटांच्या आत चालतात. रस्त्याच्या कडेला पंच उभे असतात, त्यांच्या हातात पिवळी तबकडी असते, तिच्यावर नागमोडी रेघ किंवा कोन काढलेला असतो: एक खूण जमीन सुटल्याची, दुसरी गुडघा वाकल्याची. त्या काळी तीन वेगवेगळ्या पंचांनी लाल कार्ड दिले की शर्यत तिथेच संपत असे, मग तो स्पर्धक पहिल्या क्रमांकावर का असेना.

मला सर्वांत अधिक आवडली ती या नियमातली एक मेख. जमीन सुटलेली चालते, पण ती नुसत्या डोळ्यांना दिसता कामा नये. प्रक्षेपणाची मंदगती चित्रे पाहिली तर चांगल्या चांगल्या स्पर्धकांचे दोन्ही पाय क्षणभर हवेत असलेले स्पष्ट दिसतात, तरी पंचांनी त्या चित्रांकडे पाहायचे नसते. माणसाच्या डोळ्याला जेवढे दिसेल तेवढेच खरे धरायचे, असा हा खेळ आहे, आणि तोच डोळ्यांना दिसेनासा झाला आहे.

तो का दिसत नाही, याचे उत्तर शोधायला गेले तेव्हा लक्षात आले की त्यामागे दुष्टावा कमी आणि बेफिकिरी जास्त आहे. प्रक्षेपणाचे हक्क प्रदेशवार विकले जातात. एखादी वाहिनी किंवा मंच एखाद्या प्रदेशासाठी अख्खा गठ्ठा विकत घेतो. त्या गठ्ठ्यात गर्दी खेचणारे दोन-चार खेळ असतात आणि बाकीचे त्यांच्यासोबत आलेले. ज्याने हक्क घेतले तो आपल्या वेळापत्रकात गर्दीचे खेळ बसवतो, उरलेले दाखवत नाही, आणि दुसऱ्या कुणी दाखवावे म्हणून सोडतही नाही. मूळ संघटनेने सर्वांसाठी प्रक्षेपण खुले ठेवलेले असले, तरी हक्क विकले गेलेल्या प्रदेशात तिलाच ते बंद करावे लागते. त्यामुळे चमत्कार असा होतो की ज्या देशांत हक्क कुणीच विकत घेतलेले नाहीत, तिथल्या प्रेक्षकाला शर्यत फुकट पाहायला मिळते आणि ज्या देशात ते घेतले गेले आहेत, तिथला प्रेक्षक करड्या पडद्याकडे पाहत बसतो.

हक्क हवेत, दाखवायचे मात्र नाही.

मोठ्या खेळांसाठी कायद्याने यातून वाट काढलेली आहे. ब्रिटनमध्ये १९९६च्या ब्रॉडकास्टिंग अ‍ॅक्टनुसार काही स्पर्धांची यादी आहे. ऑलिंपिक, पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकाची अंतिम स्पर्धा, विम्बल्डनचे अंतिम सामने, घोड्यांची ग्रँड नॅशनल अशा स्पर्धांचे थेट हक्क देशातल्या किमान ९५ टक्के लोकांपर्यंत फुकट पोहोचणाऱ्या वाहिन्यांना देऊ करावेच लागतात. युरोपीय संघातल्या देशांना १९९७पासून अशी यादी करण्याची मुभा आहे. आयर्लंडच्या यादीत गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग या तिथल्या पारंपरिक खेळांच्या अंतिम सामन्यांबरोबरच डब्लिनच्या अश्वप्रदर्शनातली नेशन्स कप ही घोड्यांच्या उड्यांची स्पर्धाही आहे, हे वाचून मला विलक्षण आनंद झाला होता. एका देशाने एका लहानशा खेळाबद्दल दाखवलेला तो हट्ट मला फार आवडला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये, क्रिकेटच्याच एका वादात, प्रक्षेपण ज्यांवरून होते त्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले, आणि २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले. त्या प्रक्षेपणावरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा मूळ हक्कधारकाला मिळतो. एवढी तडजोड मला रास्त वाटते.

पण या बहुतेक याद्या नीट पाहिल्या की एक गोष्ट खटकते. ज्याच्याकडे आधीच गर्दी आहे त्यालाच त्या जपतात. महत्त्वाचे म्हणजे लोकप्रिय, आणि लोकप्रिय म्हणजे आजवर दिसत आलेले. हे वर्तुळ भेदून एखादा नवा, अनोळखी खेळ आत शिरणार तरी कसा? आणि आत असलेलासुद्धा कायम आत राहील याची खात्री नसते. इंग्लंडमधल्या कसोटी क्रिकेटला १९९८मध्ये तिथल्या संरक्षित यादीच्या वरच्या गटातून काढले गेले. २००५ची अ‍ॅशेस मालिका चॅनेल फोरवर सर्वांनी फुकट पाहिली, आणि पुढच्याच वर्षापासून मायदेशातले थेट क्रिकेट वर्गणी भरणाऱ्यांपुरते उरले. एक अख्खी पिढी त्याविना वाढली. २०१९च्या विश्वचषकात इंग्लंड अंतिम फेरीत पोहोचल्यावर तो सामना मुद्दाम खुल्या वाहिनीवर दाखवावा लागला. ज्या खेळावाचून आपल्याकडे पान हलत नाही, तो त्याच्या जन्मभूमीत चौदा वर्षे बंद दाराआड होता, हे मला आजही विश्वसनीय वाटत नाही. उलट बाजूचे उदाहरणही ब्रिटनचेच आहे. फेब्रुवारी २००२मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकात र्‍होना मार्टिनच्या संघाने कर्लिंगचा अंतिम सामना शेवटच्या दगडावर ४-३ असा जिंकला, तेव्हा ब्रिटनमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती आणि तरीही ५० लाखांहून अधिक लोक बीबीसीवर तो पाहत होते. त्यातल्या बहुतेकांनी त्याआधी कर्लिंग कधी पाहिले नसणार. बर्फावर घासत नेलेला तो ग्रॅनाइटचा दगड त्यांनी शोधला नव्हता. झोपायला जाता जाता तो समोर आला आणि ते उभ्याचे बसले.

असे अवचित समोर येणे हीच मला सार्वजनिक प्रक्षेपणाची खरी किंमत वाटते. ज्याला खेळ आधीच ठाऊक आहे तो वर्गणी भरेल, आडवाटेने जाईल, रात्री जागेल, पण कसे ना कसे पाहीलच. प्रश्न त्याचा नाहीच. ज्याला तो खेळ अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही, त्याच्या डोळ्यांसमोर तो कधी आणि कसा यावा, हा प्रश्न आहे.

निवडणुकीच्या प्रचाराकडे या नजरेने पाहायला लागल्यावर माझी थोडी पंचाईत झाली, कारण मला तो आवडत नाही. भोंगा आवडत नाही, खांबाखांबावर लटकणारे हसरे चेहरे आवडत नाहीत, निकालानंतर आठवडेच्या आठवडे उन्हापावसात विटत राहणारे फलक तर मुळीच आवडत नाहीत. आयर्लंडमध्ये असे फलक मतदानाच्या फार तर तीस दिवस आधी लावता येतात आणि मतदानानंतर सात दिवसांत उतरवावे लागतात. हा नियम मला मनापासून पटतो. तरीही प्रामाणिकपणे विचारावेसे वाटते: माझ्या भागातून उभ्या असलेल्या उमेदवारांची नावे मला ठाऊक झाली ती कशामुळे? वर्तमानपत्रातून दोघांची. बाकीच्यांची भिंतीवरून, दाराच्या फटीतून सरकवलेल्या पत्रकावरून, आणि हो, त्या भोंग्यावरून.

प्रचाराच्या जागेची वाटणी हीदेखील खेळांच्या यादीसारखीच गोष्ट आहे, आणि तिच्यातही तीच मेख आहे. भारतात आकाशवाणीवरून पक्षांना बोलण्याची संधी १९७७पासून मिळू लागली. दूरदर्शनवरही ती मिळते, आणि आता कोण केव्हा बोलणार हे सोडतीने ठरते. पण ही वेळ मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्यस्तरीय पक्षांनाच मिळते, आणि त्यांच्यातही एक किमान वाटा समान दिल्यावर उरलेली वेळ मागच्या निवडणुकीतल्या कामगिरीच्या प्रमाणात वाटली जाते. अपक्षाला त्यात जागा नाही. जो आधी दिसला होता तो पुन्हा दिसेल, अशी ही रचना आहे. तिला व्यवहाराची बाजू आहे हे मला मान्य आहे, कारण शेकडो अपक्षांना वेळ वाटून द्यायची तर बातम्यांना जागा उरणार नाही. तरी तिचा कल कुठे आहे ते दिसल्यावाचून राहत नाही.

याच्या अगदी उलट रचना फ्रान्समध्ये आहे आणि तिच्या छायाचित्रांकडे मी बराच वेळ पाहत बसले होते. मतदान केंद्राबाहेर धातूचे फलक ओळीने उभे केलेले असतात, प्रत्येकावर क्रमांक, आणि प्रत्येक उमेदवाराला किंवा पक्षाने दिलेल्या उमेदवारांच्या यादीला अगदी सारख्या आकाराची एक जागा. देशाच्या अध्यक्षपदावर असलेल्या माणसाला जेवढी जागा, तेवढीच ज्याला कुणी ओळखत नाही त्याला. कोपऱ्यातून सुटलेला कागद, वरच्या भित्तिपत्रकाखालून डोकावणारे जुने भित्तिपत्रक, खळीचे सुकलेले ओघळ, कुणीतरी पेनाने काढलेल्या मिशा. २०१९च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत तिथे ३४ याद्या होत्या. एवढे फलक आणायचे कुठून, असा प्रश्न गावांना पडला, आणि गंमत म्हणजे उभारलेल्यांपैकी कितीतरी रिकामेच राहिले, कारण लहान याद्यांकडे देशभर भित्तिपत्रके छापून चिकटवण्याएवढे पैसेच नव्हते. रिकामा फलक मला भरलेल्या फलकापेक्षा अधिक बोलका वाटला. जागा समान दिली तरी ती भरण्याची ऐपत समान नसते, हे त्या कोऱ्या पत्र्यावर स्पष्ट वाचता येत होते. जपानमध्येही असेच सार्वजनिक फलक असतात. २०२४मध्ये टोकियोच्या राज्यपालपदासाठी ५६ उमेदवार उभे राहिले, फलकांवर जागा ४८ जणांचीच होती, आणि एका पक्षाने तर ढीगभर उमेदवार उभे करून आपल्या वाट्याच्या जागा पैसे देणाऱ्या कुणालाही देऊ केल्या. मांजरे, कुत्री, जाहिराती, आणखी नको ते काहीबाही त्या फलकांवर लागले. पुढच्या वर्षी कायद्यात दुरुस्ती करावी लागली. समानतेचा असा फज्जा उडालेला पाहूनही माझे मत बदलले नाही. चोरटे येतात म्हणून वाचनालय बंद करत नाहीत.

आता प्रचार शांत होत चालला आहे, आणि मला त्या शांततेची अधिक भीती वाटते. फोनवर येणारी जाहिरात काच थरथरवत नाही. ती मला वेगळी दिसते, शेजारच्या घरात वेगळी, एकाच घरातल्या दोन माणसांनाही वेगवेगळी. मला कशाची काळजी वाटते याचा अंदाज बांधून मला एक आश्वासन दाखवले जाते आणि त्याच्या नेमके विरुद्ध आश्वासन दुसऱ्या कुणाला. आम्ही दोघे कधी ते पडदे शेजारी ठेवून पाहणार नाही. भोंग्याचे तसे नसते. त्यावरून उमेदवार जे बोलतो ते त्याच्या विरोधकाच्या कार्यकर्त्यांनाही ऐकू जाते, आणि संध्याकाळपर्यंत त्याचे उत्तर त्याच रस्त्यावरून फिरते. भारतात छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता असावा लागतो. अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरांत का होईना, पण कुणाच्या पैशाने हे छापले ते शोधण्याचा एक धागा तिथे असतो. युरोपीय संघाने २०२४मध्ये राजकीय जाहिरातींसाठी नियम केले, ते ऑक्टोबर २०२५पासून लागू झाले, आणि जाहिरात कुणाच्या पैशाने आली व कुणाला नेमून दाखवली गेली हे सांगण्याचे बंधन त्यांत आहे. त्यावर गूगल आणि मेटा या कंपन्यांनी तिथे राजकीय जाहिराती घेणेच थांबवले. यात काय समजायचे ते ज्याने त्याने समजावे. मला त्यातून एवढेच कळले की उघड्यावर दाखवायचे म्हटले तर काही धंदा परवडत नाही.

खेळाचेही हेच झाले आहे, फक्त तिथे कुणाला राग येत नाही. त्या रविवारनंतर मी चालण्याच्या शर्यतींचा बराच शोध घेतला, आणि आता माझ्या फोनवर दुसरे काही येतच नाही: जुन्या शर्यती, पंचांच्या मुलाखती, टाच कशी टेकावी याचे धडे. शौकिनासाठी इतके सुखाचे दिवस कधीच नव्हते, हे मान्य करायलाच हवे. लहानसहान संघटना एका कॅमेऱ्यावर आपल्या स्पर्धा स्वतःच दाखवतात, आणि ज्या खेळांना जुन्या सार्वजनिक वाहिनीने वर्षाकाठी अर्धा तासही दिला नसता, त्यांचे तासनतास चित्रण पडून आहे. जुन्या एकाच वाहिनीच्या काळाबद्दल उगाच हळवे होण्यात अर्थ नाही. तिथे जे दाखवत नसत ते नसेच. पण माझ्या शेजारणीच्या फोनवर यातले काहीही कधीच येणार नाही. तिने शोधले नाही म्हणून तिला दाखवायचे नाही, आणि दाखवले नाही म्हणून ती शोधणार नाही. आम्ही घरातले सगळे एकत्र हसलो होतो तसे हसण्यासाठीसुद्धा आता तो खेळ कुणासमोर येत नाही.

त्यावर उपाय काय, असे कुणी विचारले तर माझ्यापाशी भव्य असे काही नाही. हक्क घेऊन जो दाखवणार नाही, त्याच्या प्रदेशातले प्रक्षेपण मूळ संघटनेला खुले करता यावे, एवढी एक अट करारांत असावी. सार्वजनिक वाहिनीने मोठ्या सामन्याच्या मध्यंतरात जाहिरातींऐवजी पाच-दहा मिनिटे एखादा अनोळखी खेळ दाखवावा, आणि त्याचे नियम दोन वाक्यांत सांगावेत. माझ्या बाबतीत दोनच पुरली होती. भोंग्याला मर्यादा हव्यातच. रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, ती आणखी वाढवली तरी माझी तक्रार नाही. पण त्याची भरपाई म्हणून चौकाचौकांत सारख्या आकाराचे, फुकट फलक असावेत आणि त्यावरच्या कागदाचा खर्चही सरकारने उचलावा. रिकामा पत्रा पाहण्यापेक्षा तो खर्च मला परवडेल.

मतदानाच्या दिवशी यंत्रासमोर उभी राहिले तेव्हा सगळ्या उमेदवारांची नावे पहिल्यांदाच एका मापात दिसली. मान्यताप्राप्त पक्षांची आधी, मग नोंदणीकृत पक्षांची, शेवटी अपक्षांची, प्रत्येकासमोर छायाचित्र, चिन्ह आणि एक निळे बटण. तळाकडची काही नावे मी आयुष्यात ऐकली नव्हती. एकाचे चिन्ह काय आहे ते ओळखायला मला डोळे बारीक करावे लागले. आडोशापलीकडून मतदान अधिकाऱ्याने विचारले, ‘‘झाले का?’’ मी म्हटले, ‘‘थांबा, अजून तीन नावे वाचायची आहेत.’’